ठमाआत्याची वेबसाइट आणि माझे व्याही

आयुष्यातल्या पहिल्या वेबसाइटसाठी होस्ट निवडताना मी दोनच गोष्टी पाहिल्या. एक, तो माझा व्याही आहे. दोन, तो तिसऱ्या मजल्यावर राहतो. एवढ्या चौकशीवर मी ठमाआत्याची वेबसाइट त्याच्या स्वाधीन केली आणि घरी येऊन पोटभर जेवलो.

होस्ट म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं असं नाही. वेबसाइट ज्या कॉम्प्युटरवर ठेवलेली असते, त्याचा मालक तो होस्ट. तो कॉम्प्युटर सदासर्वकाळ चालू ठेवणं हे त्याचं काम. खोपोलीच्या एका कारखान्यात स्टोअर्समध्ये माझी सगळी नोकरी गेली, त्यातली शेवटची काही वर्षं कॉम्प्युटरसमोर. प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मला न फाडता काढता येतो. तेवढ्या भांडवलावर आमच्या नात्यागोत्यात मी 'कॉम्प्युटरमधला' म्हणून ओळखला जातो, आणि आत्याही याच गैरसमजाची बळी.

ठमाआत्या माझी सख्खी आत्या नव्हे. आमचं गाव कशेळ्याच्या पुढं, डोंगराच्या अगदी पायथ्याशी. मी नोकरीमुळं कर्जतला घर केलं, पण गावातलं आमचं घर आणि तिचं घर यांत एकच कुडाची भिंत होती, त्यामुळं माझ्या लहानपणीच्या बहुतेक सगळ्या लबाड्या तिला तोंडपाठ होत्या. मी साठीला आलो तरी ती मला सुद्या म्हणे. माझ्या बायकोसमोर, मुलीसमोर, आणि एकदा तर बँकेत मॅनेजरसमोरसुद्धा.

डोंगरावर एक पडकी माची आहे. शनिवार-रविवार मुंबई-पुण्याची मंडळी ती बघायला येतात. वाट आत्याच्या दारावरून जायची, म्हणून तिनं दारातच चहा, पोहे आणि भाकरी-पिठल्याची टपरी टाकली. बाहेरून बघणाऱ्याला ती टपरी वाटे. खरं म्हणजे ते जकात नाकं होतं. आत्याला विचारल्याशिवाय वर जायचं नाही. 'पाय तुमचे, वाट माझी,' हे तिचं आल्या माणसाला पहिलं वाक्य. दुसरं वाक्य म्हणजे, "आईला सांगून आलास का रं?" हे ती कॉलेजच्या पोरांना विचारी आणि टक्कल पडलेल्या साहेबांनाही विचारी. एका साहेबांनी आई वारल्याचं सांगितलं. "मंग बायकोला सांग," म्हणत तिनं त्यांना अंगणातल्या ज्या दगडावर फोनला रेंज येते त्या दगडावर उभं केलं.

माणसं ती बुटांवरून ओळखी. बूट जितके नवे, तितका माणूस चुकणार हा तिचा हिशोब. नव्या बुटांच्या घोळक्याला ती दुप्पट दम भरायची. आणि प्रत्येक घोळक्याकडून एक टोपी काढून घ्यायची. टपरीच्या कुडाला खिळ्यांची ओळ होती, त्यावर टोप्या टांगलेल्या. उतरताना आपली टोपी घेऊन जायचं. गुरं घरी यायच्या वेळेला खिळ्यावर टोपी दिसली की कुणीतरी वर राहिलंय हे नक्की, मग तिचे यजमान कान्हूमामा न बोलता दोर खांद्यावर टाकून निघत. मामा एकूणच बोलत नसत. "मी बोलते तेवढं दोघांना पुरतं," असं आत्याच सांगे.

एकदा एका मोठ्या कंपनीची माणसं आली होती. त्यांच्या म्होरक्यानं टोपी द्यायला नकार दिला. म्हणाला, आम्ही ट्रेनिंग घेतलेले लोक आहोत. आत्यानं त्याच्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं, बुटांपाशी थांबली, आणि गाडीच्या बॉनेटवर ठेवलेली त्याची चावी उचलून खिळ्याला अडकवली. उशिरा चिखलानं माखून तो माणूस खाली आला तेव्हा तिनं त्याला बिनसाखरेचा चहा दिला. उशिरा येणाऱ्यांना ती साखर घालत नसे. तो बिचारा पिऊन वर छान झालाय म्हणाला.

आता हे सगळं कशासाठी, तर एका फाट्यासाठी. माचीच्या थोडं अलीकडं वाटेला दोन फाटे फुटतात. डावीकडची वाट अरुंद, झुडपांत शिरणारी, ती माचीवर जाते. उजवीकडची ऐसपैस, रस्त्यासारखी, ती गुरांची. ती एक ओढा ओलांडून कड्याशी जाऊन संपते. नव्या माणसाला उजवीकडचीच खरी वाटते, आणि फोनमधल्या नकाशालाही तीच आवडते. उन्हाळ्यात काही बिघडत नाही, फार तर माणूस परत येतो. पावसाळ्यात माणूस ओढा ओलांडतो, पुढं कड्यापाशी फोटो काढतो आणि मागं वळतो तेव्हा ओढा त्याच्या गळ्याएवढा झालेला असतो. पुढं कडा, मागं पाणी.

फाट्यावर पाटी का लावत नाही, असं तुम्ही विचाराल. लावली होती. पहिली वाऱ्यानं नेली. दुसरी चांगल्या जाड पत्र्याची केली, ती आठवड्यात नाहीशी झाली. ती आता एका गोठ्याच्या छपरावर आहे आणि 'उजवीकडे जाऊ नका' असं घारींना सांगते. गोठा कुणाचा ते आत्याला माहीत होतं. पण त्याच्या घरी दूध घालायचं असल्यामुळं तिनं विषय काढला नाही.

आत्या होती तोवर पाटीवाचून अडलंही नाही. अडलं ते डोंगराच्या पलीकडच्या अंगाला प्लॉटवाल्यांनी डांबरी रस्ता नेला तेव्हा. रस्त्याच्या टोकाला त्यांनी गाड्या लावायला जागा केली, आणि तिथून एक नवी पाऊलवाट निघून थेट फाट्याच्या खाली आमच्या वाटेला मिळाली. घोळके तिकडून चढायला लागले. टपरीवरच्या खिळ्यांवर टोप्या येईनात. वर कोण गेलंय, किती गेलेत, आत्याला काही कळेना. ती अंगणात उभी राहून डोंगराकडं बघायची आणि पोह्यांचं पातेलं तसंच झाकलेलं राहायचं. तिला पोह्यांचं काही वाटत नव्हतं.

असाच एकदा मी गावाला गेलो असताना ती म्हणाली, "सुद्या, ही पोरं निघायच्या आधी कुठं बघतात रं? डोंगर हाय का, वाट कशी हाय, हे?"

"फोनमध्ये."

"मंग मला त्या फोनात बसव."

मी वेबसाइटची कल्पना सांगितली. एकच पान. त्यावर फाट्याचा फोटो, कुठं जायचं, कुठं नाही, आत्याचा नंबर. आणि वर मोठ्या अक्षरांत रोजची एक ओळ, आज वर जावं की नाही. आत्यानं सकाळी ओढा बघून मला फोन करायचा आणि मी ती ओळ बदलायची. तिला ते पटलं. फक्त एक शंका होती.

"ही पाटी लावायची कुठं?"

"एका कॉम्प्युटरवर. भिंतीवर पाटी लावतो तसं."

"भिंत कुनाची?"

"भाड्यानं मिळते. होस्ट म्हणतात त्याला."

"बघितल्याबिगर घ्यायची नाय," आत्या म्हणाली. "गोठ्याचं काय झालं ठाऊक हाय न्हवं?"

मी तीन दिवस मोठमोठ्या होस्ट कंपन्यांची पानं वाचत बसलो. थाळीच्या हॉटेलासारखं सगळीकडं साधी, स्पेशल आणि राजेशाही असे तीन प्रकार. प्रत्येक गोष्ट अमर्याद. अमर्याद जागा, अमर्याद वाहतूक, आणि प्रत्येक अमर्यादच्या डोक्यावर एक चांदणी. त्या चांदणीचा अर्थ पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत. तो वाचल्यावर अमर्याद फक्त चांदणीच आहे असं दिसे. एका पानावर कोपऱ्यात एक मुलगी येऊन 'मी तुम्हाला कशी मदत करू?' म्हणाली. मी तिला डोंगर, ओढा, आत्या, सगळं लिहून सांगितलं. ती फार नम्र होती. शेवटी मी तिला गाव कुठलं विचारलं, तेव्हा ती म्हणाली की मी यंत्र आहे. बायको मागं उभी होती.

"आपले मोरेश्वरराव आहेत की," शारदा म्हणाली. "ते हेच करतात ना? घरचा माणूस सोडून परक्या यंत्राला कशाला घरातलं सांगता?"

मोरेश्वरराव आमचे व्याही. आमची मुलगी त्यांच्या मुलाला दिलेली, दोघं पुण्याला असतात. मोरेश्वरराव नेरळला. आधी त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं, आता घरच्याच एका खोलीत मोठं मशीन ठेवून ते आसपासच्या लोकांच्या वेबसाइट सांभाळतात. माणूस सज्जन, मऊ बोलणारा. फोन लावला तर म्हणाले, "अहो, विचारायचं काय त्यात? आपलंच आहे." 'आपलंच आहे' ऐकल्यावर आमच्या भागात पुढची चौकशी करत नाहीत. ती असभ्यता समजली जाते.

आत्याला घेऊन मी नेरळला गेलो. नव्या कॉम्प्लेक्समधला फ्लॅट. मशीनच्या खोलीत एका बाजूला लोणच्याच्या बरण्या, दुसऱ्या बाजूला ते मशीन, मध्ये शिवणयंत्र. आत्यानं मशीनवर तळहात ठेवला.

"ताप हाय का रं ह्याला?"

"काम करतंय ना, म्हणून गरम," मोरेश्वरराव म्हणाले.

"ह्यात आनखी कुनाकुनाच्या पाट्या हायत?"

एक मंगल कार्यालय, एक प्लॉटवाला, माथेरानचं एक लॉज, असं त्यांनी सांगितलं. आत्यानं मान हलवली. "शेजार बरा हाय." मग ती गॅलरीत गेली, खाली वाकून बघितलं आणि आमच्याकडं घर बघताना जो प्रश्न विचारतात तो विचारला. "पानी कुठवर येतं?"

"मागच्या मोठ्या पुरात खालच्या पायरीला लागलं होतं. आपण तिसऱ्यावर."

"मंग हरकत नाय," आत्या म्हणाली.

मीही पाठोपाठ गॅलरीतून वाकून पाहिलं आणि हरकत नाही असा चेहरा केला. नदी, शेजार, मजला, सगळं बघून झालं. त्या खोलीत त्या क्षणी पंखा फिरत होता, तो कशावर फिरतोय हा विचार आम्हा तिघांपैकी एकाच्याही मनात आला नाही.

पानाचा मजकूर मी लिहिला. लिहिला म्हणजे काय, पाझरलो. 'सह्याद्रीच्या कुशीत, हिरव्या शालूत लपेटलेल्या या माचीवर आपलं स्वागत असो' अशी सुरुवात होती. आत्याला वाचून दाखवली.

"कुशीत कोन बोलवतंय त्यांना?" ती म्हणाली. "घरी जा म्हन."

सगळं खोडलं. तिनं सांगितलं तसं लिहिलं. 'फाट्यावर डावीकडं जायचं. उजवीकडची वाट गुरांची हाय, मानसांची नाय. पाऊस असंल तर येऊच नका. यायचंच असंल तर फोन करा. आईला सांगून या.' खाली नाव, ठमाआत्या. माझे शुद्धलेखनाचे संस्कार हुळहुळत होते, पण तिनं एक अक्षर बदलू दिलं नाही. आणि ते पान चाललं, हो. लोकांनी एकमेकांना पाठवलं. आत्याला फोन यायला लागले. सकाळी ती मला फोन करी, "वढ्यात घोट्याएवढं पानी. सांग," आणि मी कर्जतला चहा पिता पिता ती ओळ बदले. काही दिवस मी स्वतःला फार मोठा माणूस समजत होतो.

मग पावसाळा सुरू झाला, आणि एक विचित्र गोष्ट लक्षात आली. ऊन पडलं की वेबसाइट उघडे. पाऊस धरला की बंद. पहिल्यांदा मला वाटलं माझा फोन बिघडला. मग वाटलं योगायोग. शेवटी धीर करून व्याह्यांना अगदी आडवळणानं विचारलं, की इन्व्हर्टर वगैरे असेलच ना तुमच्याकडे?

"आहे ना," ते म्हणाले. "पण त्यावर देवघर, पंखे आणि टीव्ही आहे. मशीन लावलं की टीव्ही बंद पडतो. हिची मालिका असते."

पावसात आमच्याकडं लाइट जातात हे तान्ह्या मुलालाही माहीत आहे. म्हणजे पाऊस पडल्यावर वर जाऊ नका असं सांगणारी पाटी पाऊस पडला की उतरवून ठेवली जात होती. हे मी आत्याला सांगितलं नाही. व्याह्यांनाही काही बोललो नाही. हळूहळू काहीतरी करू, असं ठरवलं. हळूहळू काहीतरी करणं हे माझं आवडतं काम.

श्रावणातला एक रविवार. आदल्या दिवशी उघडीप होती, आत्यानं सांगितलेली ओळ मी घातली होती: 'आज वाट कोरडी हाय. जाऊन या.' रविवारी सकाळी धो धो. आत्याचा फोन आला. "सुद्या, वढा फुगलाय. कुनाला वर सोडू नकोस. लिव." मी लिहायला बसलो तर वेबसाइट उघडेना. मोरेश्वररावांचा मोबाइल बंद. घरच्या फोनवर विहीणबाई आल्या.

"पहाटेपासून लाइट नाहीत हो. हे झोपलेत. उठवू का?"

इथं 'उठवा' असा तीन अक्षरी शब्द म्हणायचा होता. मी म्हणालो, "नको नको, झोपू द्या." वर त्यांची तब्येत विचारली. त्यांनी गौरीला या म्हणून सांगितलं, मी येतो म्हणालो, आणि फोन ठेवला.

मग मात्र मला घरात बसवेना. मोटारसायकल काढून भिजत गावात पोचलो. आत्या अंगणात उभी होती. वरून शेळ्या घेऊन उतरलेल्या एका बाईनं सांगितलं होतं की कड्याच्या अंगाला माणसांच्या हाका येतायत.

"कोन असंल?" आत्यानं मला विचारलं. "आपल्या पाटीवर तर लिवलंय तू, नको म्हनून."

मी म्हणालो, "नाही लिहिता आलं, आत्या. बंद आहे."

तिनं पदर खोचला, काठी घेतली. मामांनी दोर घेतला, शेजारचे दोन गडी निघाले. मीही निघालो तर म्हणाली, "तू हितं बस. दूध बघ. तुला आनायला आनखी मानसं कुठून आनू?"

ते गेले. मी टपरीत बसलो. दूध उतू गेलं. दुसरं ठेवलं, तेही गेलं. मी त्या रेंजच्या दगडावर चढून पुन्हा पुन्हा वेबसाइट उघडत होतो, जणू ती उघडली की वरची माणसं आपोआप खाली येणार होती. डोंगर पूर्ण ढगात. हाका ऐकू येतात का म्हणून कान लावला तर पत्र्यावरच्या पावसाशिवाय काही नाही. माणसाच्या हातून काहीच होण्यासारखं नसतं तेव्हा हात किती लांब वाटतात, ते मला त्या दिवशी कळलं. ते ठेवायचे कुठं हेच कळेना.

दुपार कलल्यावर ते उतरले. आठ-दहा पोरंपोरी, सगळ्यांचे बूट नवे. ओढ्यापलीकडं खडकावर सकाळपासून उभी होती. मामांनी दोर बांधला, एकेकाला अलीकडं घेतलं. एक मुलगी दोर धरून मध्येच थिजली, ती पुरुषांचं ऐकेना. तेव्हा आत्या कमरेएवढ्या पाण्यात शिरली, तिच्या कानाशी काहीतरी बोलली आणि तिला घेऊन आली. येताना दगडावरून आत्याचा पाय सटकला. आता दोन गड्यांच्या खांद्यांवर हात टाकून ती एका पायावर उतरत होती, आणि वाटेत कुणाकुणाचं चुकलं ते सांगत होती.

पोरांचा म्होरका मला म्हणाला, "काका, साइट उघडतच नव्हती. मग ग्रुपवर हे आलेलं होतं, ते बघून आलो." त्यानं फोन दाखवला. कुणीतरी कालच्या पानाचा फोटो काढून पाठवला होता. 'आज वाट कोरडी हाय. जाऊन या. ठमाआत्या.'

आत्यानं ते माझ्याकडून वाचून घेतलं. पोरांना बिनसाखरेचा चहा दिला. मलाही बिनसाखरेचाच. पोरं गेल्यावर आत्या गुडघ्यावर हळद बांधता बांधता म्हणाली, "काय झालं पाटीला?"

"लाइट गेली होती."

"हितं तर व्हती."

"नेरळला गेली होती, आत्या."

तिनं हळदीची पट्टी आवळली. "पाऊस हितं. वढा हितं. मानसं हितं. आन् लाइट नेरळची." मग म्हणाली, "काढ ती तिथून. उद्याच्या उद्या काढ."

"ते व्याही आहेत, आत्या."

कड्यावरून माणसं खाली कशी आणायची हे तिला येत होतं. मुलगी दिलेल्या घरातून वेबसाइट कशी आणायची, याला तिच्याकडंही दोर नव्हता.

तरी मी प्रयत्न केला. एका मोठ्या कंपनीत गुपचूप जागा घेतली. यंत्रमुलीनं पायरी-पायरीनं सगळं सांगितलं. शेवटच्या पायरीला कळलं की वेबसाइटचं नाव मोरेश्वररावांच्या नावावर नोंदलेलं आहे आणि ते हलवायला त्यांची परवानगी लागते. परवानगीचा मेल त्यांना आपोआप गेला. संध्याकाळी त्यांचा फोन शारदाला आला. "वहिनी, आमचं काही चुकलं का?" शारदानं फोन माझ्या हातात दिला आणि समोर उभी राहिली. मी त्यांना सांगितलं की चुकून बोट लागलं. ते मोकळेपणानं हसले. म्हणाले, होतं असं, या वयात.

दुसऱ्या नावानं नवी वेबसाइट काढावी, तर लोकांच्या फोनांत जुनंच नाव फिरत होतं. मोरेश्वरराव दिवाळीनंतर नवा इन्व्हर्टर घेणार होते. ओढा दिवाळीपर्यंत थांबणार नव्हता.

"मी सांगते त्याला," आत्या शेवटी म्हणाली. "माझा कोन लागतो तो?"

सुजलेला गुडघा घेऊन ती जीपनं, मग रिक्षानं नेरळला गेली. ज्या बाईनं गाडीची चावी खिळ्याला टांगली, ती आज नेरळमध्ये काय करेल या काळजीनं मी दिवसभर तिच्या दाराशी घुटमळत होतो. परत आली तेव्हा तिच्या हातात नारळ आणि खण होता, आणि कपाळावर ताजं कुंकू.

"काय झालं?"

"विहीनबाईनं ओटी भरली," आत्या म्हणाली. तिचा आवाज मी तेवढा बारीक कधी ऐकला नव्हता. "पाय बघून रडायलाच लागली ती. माज्या पायाला तेल लावलं. आता ओटी भरल्यावर काय बोलनार रं? मीच सांगून आले, इन्व्हर्टर दिवाळीनंतर घेतला तरी चालंल म्हनून."

आम्ही दोघं तिच्या अंगणात बसलो. खणाचा रंग चांगला होता, असं मी म्हणालो. ती हो म्हणाली.

पुढच्याच शनिवारी आत्यानं टपरीला कुलूप लावलं आणि डोंगराच्या पलीकडं गेली. प्लॉटवाल्यांच्या त्या गाड्या लावायच्या जागेत निळी ताडपत्री बांधून, प्लास्टिकच्या खुर्चीवर, पाय एका पालथ्या क्रेटवर ठेवून ती बसायला लागली. चहा नाही, पोहे नाहीत. नुसतं बसायचं आणि येणाऱ्याला अडवायचं. तिकडं जायला गावातून मोठा वळसा पडतो, मामा तिला सायकलवर मागं बसवून नेत. पावसाळाभर एक शनिवार-रविवार तिनं चुकवला नाही. त्या पावसात पुन्हा कुणी कड्याला अडकलं नाही. गुडघा मात्र बरा झालाच नाही. दसऱ्यानंतर तिची मुलगी तिला शिळफाट्याला आपल्या घरी घेऊन गेली. पौषात आत्या तिथंच गेली.

मी तिला पाहिलं ते शेवटचं त्या ताडपत्रीखालीच. भाद्रपद सरत आला होता, पावसाची भुरभुर चालू होती. मी छत्री घेऊन तिच्याशेजारी उभा होतो. दूरवरून आलेल्या एका गाडीतून पोरांचा घोळका उतरला. त्यांतला एक, माझे पिकलेले केस आणि छत्री बघून, तिला सोडून माझ्याकडं आला.

"काका, वर गेलं तर चालेल ना? आम्ही लांबून आलोय. साइट काही उघडत नाहीये."

मी डोंगराकडं पाहिलं. ढग खाली आले होते. पोरांचे चेहरे आशेनं भरलेले. "तसं म्हणजे," मी सुरुवात केली, "पाऊस तसा कमी आहे, पण आता, म्हणजे तुम्ही एवढ्या लांबून आलाच आहात तर..."

आत्यानं खुर्चीतूनच काठी आडवी धरली.

"त्याला नका विचारू, पोरांनो," ती म्हणाली. "त्याला नाय म्हनायला येत नाय."